वरखाली म्हणजे नाही

बस धरायच्या आधी नेद्याल्काने दोन चमचे मध चाटला आणि घसा दाबून पाहिला.

"रात्रभर खोकत होतीस," नवरा, स्तामात, म्हणाला. "सांगणार ना डॉक्टरीणबाईंना?"

"तुझ्या घोरण्यातून माझा खोकला ऐकू आला, हेच नवल," असं म्हणून तिने दार ओढून घेतलं.

सांगायचं कोणत्या तोंडाने? तीन वर्षांपूर्वी तिला स्क्लेरोडर्मा जडला. कातडी टणक होत गेली, बोटं आकड्यासारखी वळली आणि तोंड इतकं आवळलं की चमचा तिरका घालावा लागे. मग प्लोव्दिवच्या इस्पितळात नव्या औषधाची चाचणी निघाली आणि तिने कागदावर सही केली. सुईत औषध आहे की नुसतं पाणी, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. पण चौथ्या सुईनंतर तिची मूठ मिटू लागली! नव्या वर्षाला तिने स्वतःच्या हातांनी बानित्साच्या पाऱ्या लाटल्या, चीज भरलं, नशिबाच्या चिठ्ठ्या आत घातल्या. तिच्या तुकड्यात 'आरोग्य' निघालं, तेव्हा ती सगळ्यांदेखत रडली.

आणि आता हा खोकला. चाचणीतल्याच गेंकाने हिवाळ्याच्या तोंडी भाबडेपणाने खोकल्याचं सांगून टाकलं होतं. फुप्फुसं बिघडत असली तर हेच औषध जीव घेईल म्हणून तिची सुई त्याच दिवशी बंद झाली. आज गेंकाचे केस तिची मुलगी विंचरते. नेद्याल्काला जिना चढताना धाप लागायची, आणि श्वासच गेला तर नुसते हात घेऊन काय करायचं, हे तिलाही कळत होतं. पण ते हात पुन्हा लाकडाचे होणार म्हटलं की ती खोकला गिळून टाकायची. इकडे आड तिकडे विहीर.

इस्पितळात त्या दिवशी एक परदेशी डॉक्टर आला होता. कातडीचा टणकपणा कसा मोजायचा, ते इथल्यांना शिकवायला. तिच्या मनगटावरचा, मार्च लागला की शकुनाला बांधतात तो लाल-पांढरा दोरा हळूच बाजूला सारून त्याने सतरा ठिकाणी चिमटीत धरून पाहिलं. डॉक्टरीणबाई वेल्चेवा फोन घ्यायला बाहेर गेल्या, तेवढ्यात त्याने कागदावर पाहून मोडक्यातोडक्या बल्गेरियनमध्ये विचारलं, "खोकला... आहे?"

नेमकी त्याच वेळी घशात खवखव उठली. नेद्याल्काने श्वास रोखला आणि मान ठामपणे वरखाली हलवली. आमच्याकडे वरखाली म्हणजे नाही, आणि आडवी म्हणजे हो. परक्यांची इथे फजिती ठरलेलीच. त्याने कनवाळूपणे तिच्याकडे पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि तो पुढच्या खोलीत गेला.

वेल्चेवाबाई परत आल्या आणि कागद वाचून थबकल्या.

"मावशी, यांनी खोकला आहे असं लिहिलंय. तुम्ही बोललात, की मान हलवलीत?"

"मान," नेद्याल्का पुटपुटली.

"कशी?"

"वरखाली."

बाईंना हसू आवरेना. "पाच वेळा बजावलं होतं त्यांना! तुम्ही सांगितलंत 'नाही', आणि हा बाबा समजला 'हो'. थांबा, खोडून सही करते. तुमची सुई तयारच आहे."

त्यांनी पेन उघडलं. नेद्याल्का त्या टोकाकडे बघत राहिली. एक रेघ ओढली की संपलं, आणि खोटं बोलल्याचं पापही त्या परक्याच्या माथी. तिने मूठ मिटली. किती सहज मिटत होती! छातीत मात्र कोणीतरी दोरी आवळत होतं, आणि आतला श्वास सुटायला धडपडत होता. इतकी ती आयुष्यात कधी घाबरली नव्हती.

"खोडू ना?" बाईंनी विचारलं.

नेद्याल्काने मूठ उघडली. पुन्हा एकदा मिटून पाहिली. मग बाईंच्या डोळ्यांत बघत तिने मान हलवली. वरखाली.

वेल्चेवाबाईंचं हसू मावळलं. पेन कागदावर तसंच थांबलं. आणि इतका वेळ दाबून धरलेला खोकला आला, तो थांबेचना.