लंकाबाईंच्या फुप्फुसातली पहारेकरीण

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. जुनी म्हणजे किती? दीड वर्षाची! पण आमच्यात एवढी टिकलेल्या पेशीला थोरली म्हणतात.

हाडांच्या मज्जेत जन्मले आणि रक्तातून वाहत सायखेड्याच्या लंकाबाईंच्या फुप्फुसात आले. काम एकच. हवेतून जंतू आला की गिळायचा. वरच्या नळीत आमच्या मैत्रिणी, बारीक केसांच्या झाडूवाल्या. काय त्यांचं काम! धूळ, जंतू, सगळं सतत घशाकडे लोटायच्या. मी बघतच राहायचे.

लंकाबाई शेखरच्या बेदाण्याच्या शेडवर कामाला. बेदाणा पिवळाधमक व्हावा म्हणून बंद खोलीत गंधकाची धुरी देतात. त्या धुराला ओल लागली की आम्ल तयार होतं, आणि फुप्फुसात तर ओलच ओल! पहिल्या दिवशी लंकाबाई खोकून बेजार. महिन्याभरात खोकला गायब.

“छाती पक्की झाली गं माझी,” त्या लेकीला, उज्वलाला म्हणाल्या. मग धुरी विरायच्या आधीच आत शिरायला लागल्या. बाहेर थांबलेल्या बायकांना म्हणायच्या, “बसा सावलीत, नाजूक राण्यांनो!”

छाती कसली पक्की! आम्लाने पोळून झाडूवाल्या आडव्या पडल्या होत्या; घशाकडे काही लोटलंच जात नव्हतं, मग खोकला कुठून येणार? मी जंतूला धरायचे, पण त्या धुराने माझ्यातही गिळायला जोर उरला नव्हता. एक निसटला, त्याचे हजार झाले. ताप चढला, धाप लागली. उज्वलाने त्यांना नाशिक रोडला दवाखान्यात नेलं.

“खोकला बंद झाला तेव्हाच यायचं होतं, मावशी. धुरीने छाती आतून पोळलीय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“खोकलाच नाय, तर दाखवायला काय आणू?”

औषधाने जंतू मेले. रक्तातून ताज्या दमाच्या पेशी आल्या. झाडूवाल्या एकेक करून उठल्या आणि कामाला लागल्या. लय चिवट पोरी!

या हंगामात शेखर ओरडला, “मावशी, गाडी उभी हाय, शिरा आत!”

लंकाबाई जागच्या हलल्या नाहीत. “दोन्ही दारं उघड. वास पुरता जाऊ दे.”

“उशीर होतो ना!”

“होऊ दे. बेदाणा पिवळा करायला मी काळी-निळी होऊ व्हय?”

बायका खो खो हसल्या आणि त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. शेखरने दोन्ही दारं उघडली.

मित्रांनो, आत आम्ही कितीही लढू. पण आम्हाला हात नाहीत. दार तेवढं बाहेरून तुम्हीच उघडा.