राहिलेला चहा

"दोन्ही हातांनी घ्यायचा, बाई. एका हाताने घेतलात तर पोरगी अर्धीच घरात येईल."

हा आवाज क्लेमेंटीनने सत्तावीस वर्षांपूर्वी ऐकला होता. तिच्या सुनेच्या वडिलांचा, माझगावच्या ल्याव डॉक्टरांचा. दातांचे डॉक्टर. आईबाप चीनमधून आलेले, पण स्वतः मुंबईतच जन्मलेले. त्यांची मराठी साफ होती, फक्त वाक्याच्या शेवटी जरा उडी मारायची, चिमणी फांदी बदलते तशी. डॉक्टर जाऊन सहा वर्षं झाली. आवाज मात्र तिच्या कानातून हलला नव्हता.

आज नातीच्या लग्नाला चार दिवस उरले होते. अंगणात मांडवाचे खांब रोवत होते, आणि केळीच्या वाडीकडून बायकांचं गाणं येत होतं:

नवरी निंगाली न्हायाला,
इहीर लागली गायाला.

क्लेमेंटीन ओटीवरच्या खुर्चीत बसून ऐकत होती. इतक्यात लविना, तिची सून, आतून एक लाकडी पेटी दोन्ही हातांवर घेऊन आली. मागोमाग ॲनिशा, नवरी मुलगी, उकळत्या पाण्याची किटली घेऊन.

"मम्मी, तू उचलू नको ना! तुझा गुडघा!"

"गुडघ्याने नाही उचलत मी. हाताने उचलते," लविना म्हणाली आणि पेटी खाली ठेवली.

क्लेमेंटीनने पेटी ओळखली.

लविनाने जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे एकेक करून सोडले. आतून किटली निघाली, मग चार पेले. पेल्यांना कान नाहीत, प्रत्येकाला आपली बशी आणि आपलं झाकण. पांढऱ्या अंगावर निळी फुलं, आणि चिनी माती इतकी पातळ की उजेडात धरलं तर पलीकडच्या बोटांची सावली दिसावी.

"कसले क्यूट आहेत गं!" ॲनिशा म्हणाली. "आणि झाकण कशाला?"

"बशी म्हणजे जमीन, झाकण म्हणजे आभाळ. मधला पेला म्हणजे माणूस. माझी आजी सांगायची. भाताच्या तुसात भरून बोटीने आणले होते तिने. बासष्टच्या चीनच्या लढाईत आमच्या लोकांना रातोरात घर सोडावं लागलं, तेव्हा दागिने शेजारणीकडे टाकले आणि हे पोटाशी धरून नेले. पप्पा चिडवायचे तिला, सोनं सोडलंस आणि माती नेलीस! ती म्हणायची, सोन्याने सून घरात येत नाही."

"म्हणजे?"

"आमच्यात नवरी गुडघे टेकून सासूसासऱ्यांना चहा देते. त्यांनी घोट घेतला की ती त्या घरची. तोवर पाहुणी."

क्लेमेंटीन अंगणाकडे बघत राहिली. तिला तो मार्च महिना जसाच्या तसा आठवत होता. ल्याव डॉक्टरांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, म्हणून चर्चमधलं लग्न उपवासकाळ संपल्यावर, ईस्टरनंतर ठेवून क्लेमेंटीनचा मुलगा एरॉल आणि लविना यांची नोंदणी आधी उरकली होती. त्याच संध्याकाळी डॉक्टर हीच पेटी घेऊन याच ओटीवर आले. लाल कपड्यातली लविना खाली बसली. क्लेमेंटीनच्या नवऱ्याने, स्टॅनीने, एका घोटात पेला संपवला आणि विचारलं, "साखर घालायची राहिली काय, डॉक्टर?" सगळे हसले. मग पेला क्लेमेंटीनपुढे आला. पोरीच्या हातात झाकण किणकिण वाजत होतं.

आणि क्लेमेंटीन म्हणाली होती, "माझा उपवासकाळ हाय. चाळीस दिस चहा सोडलाय मी. देवाला शबुद दिलाय."

डॉक्टरांनी मुलीच्या हातून पेला हळूच काढून घेतला होता आणि क्लेमेंटीनला वाकून नमस्कार केला होता. गावाने तर डोक्यावर घेतलं. क्लेमेंटीनबाय पक्की, सून दारात आली तरी उपास मोडला नाही!

"आजी," ॲनिशा तिच्या खुर्चीशी येऊन बसली. "लग्नाच्या दिवशी मी जितेंद्रच्या आईबाबांना असाच चहा देणार. त्यांच्या सोसायटीत, एव्हरशाईन सिटीत, पहिल्यांदाच होईल असं काही! पण मम्मी म्हणते, त्याआधी इथे एक काम राहिलंय."

"कसला काम?" क्लेमेंटीनने विचारलं. विचारताना तिला उत्तर ठाऊक होतं.

लविनाने किटलीत चहाची पत्ती टाकली, दोन लाल खारका टाकल्या. "माझा चहा राहिलाय, आई. माझाच पोचला नाही, तर मुलीच्या हाती हे पेले कसे देऊ?"

"इतकी वरसं ठेवलास? मनात धरून?"

"मनात? छे हो." लविना हसली. "माझ्या मनात कधीच काही नव्हतं. वाईट वाटलं त्या दिवशी, तेही पप्पांसाठी. पण परत जाताना तेच मला म्हणाले, रडू नको. ज्या घरात देवाला दिलेला शब्द एवढा पाळतात, तिथे तुला दिलेला शब्दही पाळतील. आणि तुम्हाला माहीत नाही, आई, त्या वर्षापासून पप्पासुद्धा तुमच्या उपवासकाळात चहा सोडायचे. चर्चला न जाणारा माणूस! दवाखान्यात लोक विचारायचे, डॉक्टर, चहा नाही? तर सांगायचे, वसईला माझी विहीण आहे, तिचा उपास चालू आहे. शेवटच्या वर्षी खाटेवर होते, तरी चाळीस दिवस नाही घेतला."

"सो स्वीट," ॲनिशा पुटपुटली.

त्या दिवसाची गोष्ट क्लेमेंटीन एकदा फादरांपाशी बोलली होती, जाळीआडून, हळू आवाजात. फादरांनी क्षमा दिली होती. त्यांना क्षमा देणं सोपं होतं. त्यांचा चहा राहिला नव्हता. पुढे दरवर्षी तिने उपवासकाळात चहा खराखुरा सोडला, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. तरी त्या एका वर्षाचं काही फिटलं नाही. आणि आज कळत होतं की मुंबईत एक म्हातारा तिच्या नावाने तहान मारत बसला होता.

लविनाने खुर्चीचा हात धरून आधी एक गुडघा टेकला, मग दुखरा. तोंडातून हलकं "आई गं" निघालं. ॲनिशा धरायला धावली, तर तिने मानेनेच नको म्हटलं. पेला बशीवर ठेवून तिने तो दोन्ही हातांनी वर केला. केस कानशिलांवर पिकलेले. याच बाईने स्टॅनीच्या आजारपणात त्याचे कपडे धुतले होते, याच बाईने क्लेमेंटीनचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर पंधरा दिवस डोळ्यांत थेंब घातले होते. सत्तावीस वर्षं, आणि स्वतःच्या हिशेबी अजून पाहुणी.

"घ्या, आई."

क्लेमेंटीनने हात पुढे केले. बशीच्या कडेला बोटं लागली, ऊब लागली. आता एक घोट, की सगळं निभावलं असतं. पोरगी घरात आली असती, नात सुखाने गेली असती, आणि देवाघरी गेलेल्या डॉक्टरांचा मान राहिला असता. कोणाला कळणार होतं? त्या गोष्टीची एकच साक्षीदार होती, शेजारची मेरी, आणि तिची माती होऊन दहा वर्षं झाली होती.

तिने हात मागे घेतले.

लविनाचा चेहरा विझला. पेला तसाच वर राहिला. "आता कुठला उपास, आई? ईस्टर कधीच झाला."

"ऊठ," क्लेमेंटीन म्हणाली. "गुडघं दुखतील. बस इथं बाकावर. आदी ऐक, मंग दे वाटलं तर."

"आजी, काय झालं?"

"तू पन ऐक, बाय. तुला पन लगीन करून दुसऱ्याच्या घरी जायाचंय." तिने पदराने तोंड पुसलं.

"माझा उपास नव्हता, लविना. राखेच्या बुधवारी उपवासकाळ लागला, चार दिस धरला आनि मोडला. त्या दिशी सकाळी मेरीच्या पडवीत बसून दोन कोप चहा प्यायले मी. देवाला दिलेला शबुद कंदीच मोडला व्हता. तुझा बाप ज्याच्यापायी तहानेला राहिला, ते खोटं व्हतं. लोक काय म्हनतील, चिन्याची पोर आनली म्हनतील, हेच माझ्या डोक्यात. चहा मला चालत व्हता, बाय. तू चालत नव्हतीस."