कपाटाएवढे स्पीकर

मामांचं फर्निचरचं दुकान होतं, त्यामुळे कुठलीही गोष्ट ते आकारावरून जोखायचे. पलंग मोठा तर झोप चांगली, टेबल मोठं तर साहेब मोठा. म्हणून त्यांनी हौसेने गाण्यांचं नाटक बसवायला घेतलं आणि आवाजाची सगळी जबाबदारी भाचीवर टाकली, तेव्हा स्पीकर कसले घ्यायचे हे त्यांच्या मनात आधीच पक्कं झालेलं होतं.

भाचीला घरात सगळे बिट्टी म्हणत. साउंडचं काम ती रीतसर शिकली होती, दुसऱ्यांच्या हाताखाली ढिगाने केबली गुंडाळून झाल्या होत्या, आणि हे तिचं स्वतःचं पहिलं नाटक. पण नटमंडळींत एकच वाक्य फिरत होतं, ‘घरचीच मुलगी आहे, सांभाळून घेऊ.’ बोलणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तरी ते ‘सांभाळून घेऊ’ तिला पायात काटा मोडल्यासारखं सलत होतं.

सामान भाड्याने देणाऱ्याच्या गोदामात तिघं गेली: मामा, बिट्टी आणि नाटकातली मुख्य गायिका, म्हणजे मामी. आधी माइक बघितले. गळ्याशी लावायचा माइक मामीच्या माळेवर घासून खरखरायला लागला. गालावर चिकटवायचा लावला तर मामी म्हणाली, “मुंगी बसलीय आणि तिला हाकलायचं नाही, असं वाटतंय.” शेवटी बिट्टीने केसांच्या कडेला लपणारा एक बारीकसा माइक तिच्या कपाळाशी बसवला. मामीने मान वळवून पाहिली, वाकून पाहिलं, एक खोटा हुंदकाही काढला.

“हा बरा,” ती म्हणाली. “आहे असं कळतच नाही. घरकामाच्या वेळी तुझा मामा असतो ना, तसा.”

मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते कपाटाएवढ्या उंच दोन काळ्या स्पीकरांसमोर उभे होते. एकाला त्यांनी लाकूड तपासावं तशी थाप मारली आणि म्हणाले, “हे.”

“मामा, आपलं नाटक विनोदी आहे,” बिट्टी म्हणाली. “लोकांना शब्द कळले पाहिजेत. स्टेजपाशी हे मध्यम आकाराचे दोन पुरतात. आणि बाल्कनीच्या खाली हे चार छोटे. तिथे आवाज कोंडतो.”

मामांनी त्यातला एक छोटा स्पीकर हातात घेऊन उलटासुलटा केला. “यात एक चपलेचा जोडसुद्धा मावायचा नाही गं.”

गोदामवाल्याने अशी भांडणं पुष्कळ पाहिली असावीत. तो म्हणाला, “दोन्ही घेऊन जा. तिथे लावून ऐका, नको असेल ते परत आणा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी थिएटरात दोन्ही संच लागले. ऐकायला मामीच्या दोन बहिणी, सेटचे सुतार, दुकानातली माणसं आणि कपडेपट सांभाळणाऱ्या काकू आल्या होत्या. बिट्टीने त्यांना सगळ्या हॉलभर विखरून बसवलं. दुसऱ्या अंकातलं गमतीचं गाणं निवडलं होतं. पत्ता शोधत आलेला एक तरुण आणि त्याची भलतीकडेच लागलेली वर्णी, अशी त्यातली गोष्ट.

“आवाज कसा वाटला ते मला सांगू नका,” बिट्टी म्हणाली. “हसू आलं तर हसा. नाही आलं तर उगाच हसू नका.”

हसू कुठल्या रांगेपर्यंत पोचतं, एवढंच तिला पाहायचं होतं.

पहिला मान मोठ्यांचा. मामीने पहिला सूर लावला आणि पुढे बसलेल्या तिच्या बहिणींनी कानांवर हात ठेवले. मागे नुसता धुमधुमाट. हसलं कोणीच नाही. मामा मात्र विंगेत उभे राहून माना डोलावत होते. “छातीत वाजतंय,” ते म्हणाले.

मग बिट्टीचे मध्यम आणि छोटे चालू झाले. पुढच्या रांगांत छान ऐकू आलं, पण बाल्कनीखाली प्रत्येक शब्द दोनदा पोचायला लागला. “पत्ता, पत्ता, विचारायला, विचारायला...” कपडेपटवाल्या काकूंनी शेजारच्या सुताराला विचारलं, “मामी किती जणी आहेत?” हशा पिकला, पण तो गाण्याला नव्हता.

मामा खाली उतरून आले. “जाऊ दे. पहिलंच काम आहे तुझं, होतं असं,” ते मायेने म्हणाले. “मोठेच लावू.”

ते रागावले असते तर बिट्टीला बरं वाटलं असतं. तिचे कान तापले. ती हॉलच्या मागे मिक्सरकडे गेली आणि एकेक बटण बघत गेली. मग मान वर करून म्हणाली, “चूक माझी आहे. स्टेजवरचा आवाज इथपर्यंत यायला जरा वेळ घेतो. इथले स्पीकर कानाशीच असतात, म्हणून त्यांना तेवढं मागे थोपवून धरावं लागतं. ते मी चालूच केलं नव्हतं. पुन्हा एकदा ऐका. आणि मामा, या वेळी तू शेवटच्या रांगेत बस.”

“तिथे कशाला?”

“तिथलीही तिकिटं आपण विकणारच आहोत ना?”

मामा घुटमळले. तेव्हा स्टेजवरून मामी म्हणाली, “अहो, बसा की. गायचंय मला, तुम्हाला नुसतं बसायचंय.”

मामा जाऊन बसले. पेटी वाजली, मामीने गाणं धरलं आणि तिसऱ्या कडव्यात ती ओळ आली: ‘पत्ता विचारायला आला, जावई होऊन बसला.’ आधी बहिणी हसल्या, मग मधले सुतार, मग बाल्कनीखालच्या काकू. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून मामांचा आवाज आला, “थांबा.”

गाणं थांबलं.

“जावई?” मामांनी विचारलं.

“हो, जावई,” मामी म्हणाली.

“गवई नाही?”

गाणी लिहिणारा कवी पहिल्या रांगेत बसला होता. तो हळूच उठून उभा राहिला. “मामा, पत्ता विचारायला आलेला माणूस गवई कशाला होईल?”

“तेच तर मला कळत नव्हतं,” मामा म्हणाले. “म्हटलं, तुमचं काहीतरी खोल असेल.”

मामा संहिता वाचत नसत. गाणं कानानेच घ्यायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. आणि तालमी व्हायच्या दुकानाच्या तळघरात, डोक्यावर करवतीचं मशीन चालू असताना.

कपडेपटवाल्या काकू मागून पुढे आल्या. “म्हणून का त्या बिचाऱ्याच्या खांद्यावर शाल आणि हातात तंबोरा द्यायला लावलात?”

“हो. तुम्ही विचारलं का नाहीत?”

“मला वाटलं, दिग्दर्शकाची काहीतरी कल्पना असेल.”

जावयाचं काम करणारा नट कोपऱ्यात तंबोरा धरून उभा होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, “मी तर गाण्याचा क्लास लावला.”

मग मामाच हसायला लागले, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांचं हसणं ओसरलं की मामी स्टेजवरून नुसतं “गवई” म्हणायची आणि ते पुन्हा सुरू व्हायचे.

डोळे पुसून झाल्यावर ते बिट्टीजवळ आले. “कपाटं परत पाठव,” ते म्हणाले. मग मंडळींकडे वळून, “आणि उद्यापासून आवाजाचं काही असेल तर मला विचारायचं नाही. हिला विचारायचं. मी काय ऐकतो ते तुम्ही पाहिलंतच.”

बिट्टी नुसतं “बरं” म्हणाली. मग तिने नीट गुंडाळलेली एक केबल सोडवली आणि पुन्हा गुंडाळली.

पहिला प्रयोग रंगला. जावई साध्या सदऱ्यात आला, हातात पत्त्याची चिठ्ठी घेऊन, आणि हशा थेट बाल्कनीखालून उठला. मध्यंतरात एक म्हातारे गृहस्थ मामांना गाठून म्हणाले, “शब्द न् शब्द कळतोय. पण त्यामुळे खुर्च्यांची करकरही कळतेय.”

खुर्च्या म्हटल्यावर मामा ऐकून घेणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पाना आणि तेलाची बुधली घेऊन थिएटरात हजर. बिट्टीलाही घरून उचलून आणलं होतं. ती भिंतीशी उभी राहून कान देत होती आणि मामा एकेका खुर्चीत बसून, डुलून पाहत होते.

“ही?”

“करकरतेय.”

“आता खुर्ची करकरतेय की माझं वजन, ते नीट ऐकून सांग.”

“मामा, तू आधी उठ,” बिट्टी म्हणाली. “मी बसून बघते.”