पाचवा विषय

"सर, एक बार उसके विषय तो देख लीजिए," सुशील इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशाच्या काउंटरवर वाकून म्हणाला. "मैथ्स के साथ बायो भी है. दोनों."

काउंटरपलीकडच्या माणसाने चष्मा वर सरकवून स्क्रीनकडे पाहिलं. तो चिडका नव्हता. सकाळपासून असे बरेच बाप त्याच्यासमोर येऊन गेले असावेत.

"भाईसाहब, बच्ची की रैंक अच्छी है. सीट भी मिली है. पर बारहवीं में पचहत्तर परसेंट चाहिए. ये चौहत्तर दशमलव चार है."

"बायो कठिन होता है ना सर. पेंटिंग लेती तो..."

"मैं समझता हूँ. लेकिन यहाँ टोटल देखते हैं. क्या पढ़के लाया, ये देखने का हमारे पास कोई तरीका नहीं."

सुशीलच्या मागे समृद्धी फाईल छातीशी धरून उभी होती. मागच्या माणसाने आपले कागद पुढे केले.

"चला बाबा," समृद्धी हळूच म्हणाली.

सुशील भिलाईच्या कारखान्यात क्रेन चालवत असे. वितळलेल्या पोलादाचं भांडं उचलून न्यायची क्रेन. उन्हाळ्यात त्या केबिनमध्ये बसायला कोणी राजी नसे, तेव्हा सुशील आपणहून जाई. त्याचे वडील वर्ध्याकडून नोकरीसाठी इथे आले होते आणि अवघड काम मागून घ्यायची सवय त्याने त्यांच्याकडूनच उचलली होती. अवघड काम करणाऱ्याची कुठेतरी नोंद होते, असं त्याला मनापासून वाटे. तशी ती झाली होती का, हे त्याने कधी तपासून पाहिलं नव्हतं.

समृद्धीची अकरावी संपत आली तेव्हा वर्गशिक्षिकेने त्याला शाळेत बोलावलं. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि इंग्रजी हे चार विषय तर ठेवायलाच हवेत, पण पाचवा अजून बदलता येईल, असं त्या म्हणाल्या. बायोलॉजी सोडून पेंटिंग घेतलं तर अभ्यासाचा भार कमी होईल, टक्केही वाढतील. इंजिनिअरिंगच्या परीक्षेत बायोलॉजी विचारतच नाहीत.

समृद्धीने वडिलांकडे पाहिलं होतं.

"चित्रं काढून मार्क कायले आणायचे?" सुशील हसून म्हणाला. "इंजिनिअरिंग नाही झालं तर डॉक्टरकीचा रस्ता तरी राहीन. जमन तिले."

मॅडमनी मग आग्रह केला नाही.

बारावीच्या वर्षी थंडीत समृद्धीच्या टेबलावर एका बाजूला जेईईची जाड पुस्तकं आणि दुसऱ्या बाजूला हृदयाच्या, पानांच्या, पेशींच्या आकृत्या असत. शेजारच्या क्वार्टरमधली पायल तिची लहानपणापासूनची मैत्रीण. तिने पेंटिंग घेतलं होतं. संध्याकाळी ती मागच्या अंगणात मडकं आणि दोन कांदे मांडून रंगवत बसे. समृद्धी खिडकीतून तिला चिडवी, "अरे, कांदे तो ठीक से बना!"

निकाल लागला. जेईईत समृद्धी पायलच्या कितीतरी पुढे होती. बारावीत मात्र बायोलॉजीने तिला खाली ओढलं. अठ्ठावन्न. बेरजेत तीन गुण कमी पडले. पायलचे टक्के एक्क्याऐंशी. पेपर फेरतपासणीला दिला होता, त्या आशेवर जागेसाठी अर्जही भरला, आणि जागा मिळालीसुद्धा. मग फेरतपासणीचा निकाल आला, बदल नाही म्हणून.

त्या रात्री जेवताना समृद्धीची आई वसुंधरा ताटात भाजी वाढता वाढता म्हणाली, "तुमाले मॅडम सांगून राहिल्या होत्या ना?"

वसुंधराने पुन्हा कधीच तो विषय काढला नाही, आणि तेच त्याला जास्त जड गेलं.

रायपूरहून परतताना दुर्गच्या लोकलमध्ये दोघांना समोरासमोर जागा मिळाली. कुम्हारी स्टेशन मागे पडलं.

"पोरी, एक साल अजून बसतं का?" त्याने विचारलं. "पुन्हा परीक्षा दे. मी कोचिंगचं पाहतो."

"नाही बाबा."

"कावून?"

"थकली मी," ती म्हणाली. मग खिडकीकडे वळून म्हणाली, "बीएस्सी करते ना दुर्गले. बायो घेऊन."

सुशीलने चमकून तिच्याकडे पाहिलं. "बायो? त्याच्यानंच तर सगळं..."

"मले आवडत होतं बाबा. तुमी नाही म्हटलं असतं तरी मी तेच घेतलं असतं."

ती बाहेर पाहत होती. हे खरं आहे की आपल्याला बरं वाटावं म्हणून ती बोलते आहे, हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. विचारायचा धीर त्याला झाला नाही. पुढेही कधी झाला नाही.

प्रवेशाच्या पुढच्या फेरीत पायलला त्याच कॉलेजात, त्याच शाखेत प्रवेश मिळाला. समृद्धीचीच जागा तिला गेली, असं त्यांच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये, कोणी कोणी बोललं. तसं काही सांगता येत नव्हतं, पण पायल आठ दिवस त्यांच्या घरी फिरकली नाही. शेवटी समृद्धीच जाऊन तिला हाताला धरून घेऊन आली आणि वसुंधराने दोघींना पोहे दिले.

पायलला होस्टेलवर सोडायच्या दिवशी तिचे वडील भाऊराव मालगाडीवर ड्युटीला होते. ते रेल्वेत गार्ड होते आणि सुट्टी मिळाली नव्हती. आदल्या दिवशी पायलची आई दारात येऊन उभी राहिली. तिला कसं विचारावं ते कळत नव्हतं.

"मी जातो वहिनी," ती बोलण्याआधीच सुशील म्हणाला. "एकटी पोरगी सामान घेऊन कशी जाईन?"

"मीपण येते," आतून समृद्धी म्हणाली.

होस्टेलच्या फाटकाशी गर्दी होती. पहिला दिवस म्हणून वडिलांनाही आत सोडत होते. सुशीलने पायलची लोखंडी पेटी खांद्यावर घेतली. चौकीदाराने त्याला जिन्याकडे वाट करून दिली.

"बिटिया को कौन सी ब्रांच मिली, बाबूजी?"

"मेटलर्जी," सुशील म्हणाला आणि चढू लागला.

दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दोन खाटा होत्या. दोन्ही रिकाम्या. पायल दाराशीच घुटमळली. समृद्धी सरळ आत गेली, खिडकीजवळच्या खाटेवरची धूळ ओढणीने झटकली आणि गादी उलगडली.

"इधर हवा आएगी. ये वाली ले."

"समू, सॉरी यार," पायल म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"पागल है क्या? वो कोना पकड़."

दोघींनी मिळून चादर अंथरली. पायल तोंड धुवायला बाहेर गेली. समृद्धीने उशीला खोळ घातली, बादली खाटेखाली सरकवली. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती खाटेच्या कडेला बसली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. खाली मैदानातून नवी मुलंमुली कॉलेजच्या इमारतीकडे चालली होती. तिने तळहात अलगद चादरीवर टेकवला होता.

बाहेर पायलची पावलं वाजली तशी ती उठली. जिथे बसली होती तिथली चुणी तिने हाताने सरळ केली, उशी नीट ठेवली आणि बाजूला उभी राहिली.

सुशील पेटी ठेवून दारातच थांबला होता. त्याने हे सगळं पाहिलं आणि तिने वळून बघायच्या आत तो व्हरांड्यात सरकला.