पुढच्या दारावरची पट्टी

तान युएचिन गावची डॉक्टरीण. सत्तावीस वर्षं तिनं याच गावाच्या नाड्या पाहिल्या, आणि आता तिला पाहून दारं लागत होती. रक्तदाबाचं मशीन खांद्याला अडकवून ती सकाळी गल्लीत शिरली की आतून आवाज यायचा, "घरात कुणी नाही!" कुणी नाही, तर मग बोलतंय कोण? पण हे विचारायला तिला तोंड उरलं नव्हतं.

साथीत कुणी घराबाहेर पडू नये म्हणून घराघरांच्या दारांवर शिक्क्याच्या कागदी पट्ट्या तिनंच चिकटवल्या होत्या. हुकूम वरून आला होता, हे खरं. पण गव्हाच्या पिठाची खळ तिनं स्वतः शिजवली होती, वाऱ्यानं पट्टी उडू नये म्हणून चांगली घट्ट. फू काकूंच्या पुढच्या-मागच्या दोन्ही दारांवर पट्टी लागली आणि तिसऱ्या दिवशी काका छाती धरून बसले. काकू आतून दार बडवत होत्या, युएचिन बाहेर उभी राहून कचेरीला फोन लावत होती. दार उघडायची परवानगी दोन तासांनी आली. तोवर काका गेले होते.

मुदत संपल्यावर बाकीच्यांनी पट्ट्या फाडल्या, नव्या वर्षाला रिवाजाप्रमाणे दारांवर शुभाचे लाल कागद लावले. काकूंच्या घरी दुखवटा, आणि दुखवट्यात तीन वर्षं लाल कागद लावत नाहीत. त्यांच्या पुढच्या दारावरची पट्टी मात्र तशीच राहिली. काकू मागच्या दाराची तेवढी पट्टी काढून तिथूनच ये-जा करत, आणि गल्लीला युएचिनचं पाप रोज दिसत राही.

परवा काकू कोबीच्या वाफ्यात भोवळ येऊन पडल्या. आज युएचिन सरळ त्यांच्या पुढच्या दारी जाऊन उभी राहिली.

"काकू, एकदा प्रेशर बघू द्या. असंच अंगावर काढलंत तर एक दिवस अंगावरून वारं जाईल."

"जाऊ दे की! आणि माझ्या दारात यायची परवानगी आणलीस का?" काकू आतून म्हणाल्या.

 युएचिन नखानं पट्टीची कड खरवडू लागली. खळ दगडासारखी वाळली होती.

"काय गं उंदरासारखं कुरतडतेयस?"

"पट्टी काढतेय."

"हात लावू नकोस! तेव्हा नाही सुचलं ते?"

"भ्याले होते, काकू. नोकरी जाईल म्हणून भ्याले. नुसता कागद होता, फाडायला हवा होता मी. चुकले."

इतक्या दिवसांत हे ती पहिल्यांदाच बोलली. आपलंच ऐकून तिला रडू आलं.

 आतून कडी निघाली. काकूंनी दार आत ओढलं. आत उघडणारंच दार ते. पट्टी मधोमध फाटली, फार आवाजही झाला नाही.

"बघितलंस?" काकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "एवढंच करायचं होतं मला. दोन तास बडवत बसले, पण ओढलं नाही. मोठा शिक्का होता ना त्याच्यावर."

 काकूंनी उंबऱ्याच्या आतूनच बाही वर सरकवली आणि हात पुढे केला.

"घे, बघ. पण गल्लीत कुणाला सांगू नकोस."

"प्रेशरचं?"

"दाराचं."