नऊ नंबरचं चाक

उंदीर आणि पोटची पोर, दोघांनी मिळून माझं डोकं फिरवायचं ठरवलं होतं.

प्रयोगशाळेतल्या उंदरांची देखभाल हे माझं काम. रोज सकाळी एकेकाला काट्यावर ठेवायचं, पिंजऱ्यातलं चाक किती फिरलं ते बघायचं आणि वहीत शेरा लिहायचा. या प्रयोगात त्यांना दिवसातून दोनच तास खायला मिळायचं. उपाशी जीव कोपऱ्यात पडून राहील, असं वाटतं ना? छे! मेले पळतच सुटले. नऊ नंबर तर जेवणाच्या वेळीसुद्धा चाकावर. मी कौतुकानं लिहिलं, 'सर्वांत तंदुरुस्त.'

घरी माझी भिंगरी. हे नाव तिला लहानपणीच पडलं, एका जागी बसेल तर शपथ. तीन महिन्यांपूर्वी तिनं जेवण निम्म्यावर आणलं. सकाळ-संध्याकाळ पळायचं, मधल्या वेळात चार मजले चढ-उतार. ताट समोर ठेवलं की उभ्यानं दोन घास चिवडायची. "नाटकं बंद कर आणि जेव!" असं ओरडून ओरडून माझा घसा बसला. पळण्याबद्दल मात्र मी चकार शब्द काढला नाही. उलट शेजारणीला ऐटीत सांगायचे, पोरीत दम बघा किती आहे.

काल मॅडमनी वही उघडली. प्रयोग त्यांचा, एरवी कधी आवाज चढवत नाहीत.

"तंदुरुस्त? अहो, याचं पाव वजन गेलंय! आज प्रयोगातून बाहेर काढला नाही तर उद्या मेलेला सापडेल."

"पण मॅडम, पळतोय किती!"

"म्हणूनच तर. अंगातली चरबी संपत आली की मेंदूला ते कळतं. मग तो पायांना पळवतो, जा, अन्न शोध म्हणून. पुढे पुढे समोरचं अन्न सोडून हे पळतच राहतात. नुसतं खायला घालून भागत नाही, चाकही काढावं लागतं."

मी चाक काढलं. वीस वर्षं हेच काम करतेय आणि घरातलं मला दिसलं नाही! स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्यात असं वाटलं.

घरी आले तर भिंगरी बुटांच्या नाड्या बांधत होती. वाकली तेव्हा सदऱ्यातून पाठीचे मणके मोजता आले. मी बूट हिसकावले आणि कपाटात कोंडले. आता आकाशपाताळ एक करेल, म्हणून मीही पदर खोचून तयार होते. ती भांडलीच नाही. अनवाणी फेऱ्या मारायला लागली, भिंतीपासून खिडकीपर्यंत आणि परत.

"बस ना गं, माझे आई!"

"मला बसायचंच आहे," ती रडत म्हणाली. "पाय ऐकत नाहीत गं. आणि तू म्हणतेस नाटकं करते."

माझा सगळा राग तिथेच गळाला. डॉक्टरांना फोन केला, दुसऱ्या दिवशी सकाळचा पहिला नंबर मिळाला. मग तिला जमिनीवर बसवलं, तिची दोन्ही पावलं मांडीवर घेतली आणि एक घास पुढे केला. तिनं डोळे मिटून तो गिळला.

माझ्या हातांत तिची पावलं चालतच होती. मी ती सोडली नाहीत.