पुंडलिकरावांची साक्ष

कोर्ट घरी येणार म्हणून बेबीताईने सकाळीच सासऱ्याची दाढी करायला घेतली.

"मामाजी, हालू नका. लागन."

"कोन येऊन राह्यलं?" फेसाच्या तोंडाने पुंडलिकरावांनी विचारलं.

"वकील लोक. तुमची साक्ष हाय ना आज. कालपासून सांगून राह्यली."

"हो हो," म्हातारा म्हणाला. त्याला काडीचं आठवत नव्हतं. पण सुनेला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणायची त्याची रीत होती.

"इचारतीन, घर कोनाचं? तर काय सांगान?"

"काय सांगू?"

"आगीच्या साली शेठनं देल्लं. साऱ्या मजुरायसमोर देल्लं."

"देल्लं," म्हाताऱ्याने मान डोलावली आणि वस्तरा हनुवटीला लागला. बेबीताईने पदराने रक्त पुसलं.

दिग्रसच्या जुन्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या भिंतीला लागून या दोन खोल्या. पुंडलिकराव तिथे फिटर होते. एका हंगामात कापसाला आग लागली, तेव्हा सगळे पळाले आणि हा गडी पाण्याचा पंप धरून रात्रभर तिथेच उभा राहिला. गोदाम वाचलं. शेठ म्हणाले, पुंडलिक, राहतोस ती जागा आजपासून तुझी. कागद केला नाही. आणि शेठला कागद मागणार तरी कोण? तेवढी हिंमत कोणाच्या बापात होती? त्या दिवसापासून भाडं कापणं बंद झालं, एवढीच काय ती खूण. पुढे शेठ गेले, त्यांचा मुलगा गेला, जिनिंगला कुलूप लागलं, आणि नागपूरच्या नातवंडांनी जागा खाली करून मिळावी म्हणून दावा ठोकला. शेठचा शब्द ऐकणारे मजूर एकेक करून मसणात गेले. बेबीताईचा नवराही मधेच गेला. ऐकलेला माणूस एकच उरला, तो हा.

म्हाताऱ्याचं प्रतिज्ञापत्र कोर्टात दाखल होऊन दोन वर्षं झाली. राहिली होती फक्त उलटतपासणी. तेव्हा म्हातारा खणखणीत होता. आगीची गोष्ट सांगायला बसला की समोरचा चहा गार व्हायचा.

"करून टाकू साक्ष," त्यांच्या बाजूचे गोपाल वकील म्हणाले होते. "आता सांगतात तसं तिथे सांगितलं तरी पुष्कळ."

पण बेबीताईला निकालाची धास्ती बसलेली. निकाल ऐकून बाहेर येणाऱ्यांची तोंडं तिने व्हरांड्यात बसून पाहिली होती. त्यापेक्षा तारीख बरी. तारीख पडली की माणूस आपल्या घरी जातो, आपल्या चुलीवर भाकर टाकतो. तिला वाटायचं, लढाई अशीच जिंकतात. "वकील साहेब, तारीखच घ्या," ती म्हणायची. वकिलांचं काय जातं? कधी म्हाताऱ्याचा ताप, कधी डॉक्टरचं सर्टिफिकेट, एकदा तर न्यायाधीशांचीच बदली झाली आणि आयती मुदत मिळाली. शाळेत खिचडी शिजवून थकलेली ही बाई त्या दिवशी येताना जिलबी घेऊन यायची आणि सासरा-सून हसत खायचे. जिलबी खाता खाता म्हाताऱ्याचं मन कधी मागे मागे चाललं, हे तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा कोर्टाने बजावलं होतं, ही शेवटची संधी. साक्षीदार उठू शकत नसेल तर कोर्टाने नेमलेले कमिशनर घरी जाऊन साक्ष नोंदवतील.

तिघंजण आले. कमिशनर म्हणून नेमलेले भीमसिंग राठोड वकील, नातवंडांच्या वकील निकिता मॅडम, आणि आपले गोपाल वकील. पुंडलिकराव टोपी घालून खाटेवर बसले होते. शपथ झाली.

"आजोबा, तब्येत बरी आहे ना?" निकिता मॅडमनी विचारलं. पोरगी बोलायला गोड होती.

"एकदम."

"या घरात कधीपासून राहता?"

"लगन झालं तवापासून. औंदाच तं झालं."

दारात उभी बेबीताई एक पाऊल आत आली. लग्न यंदाचं, म्हणजे म्हाताऱ्याच्या लेखी आग अजून लागलीच नव्हती. निकिता मॅडमनीही मान वर करून म्हाताऱ्याकडे पाहिलं. पण वकील ती वकील.

"मग घर कोणाचं?"

"मालकाचं. शेठनं राहाले देल्लं. भाडं पगारातून कटते."

"शेठनी हे घर तुम्हाला कायमचं देऊन टाकलं, असं कधी झालं का?"

पुंडलिकराव हसले. "घर कोनी फुकट देते का, बाई? मालक म्हनन तवा खाली करू. दुसऱ्याच्या जाग्यावर आपन काहून अडून राहाव?"

राठोडांची लेखणी चालत होती. गोपाल वकिलांनी बेबीताईला चुलीजवळ ओढलं.

"सांगा, त्यांचं डोकं ठिकाणावर नाही. मी हरकत घेतो."

"मंग घर वाचन?"

वकील खाली बघत म्हणाले, "साक्ष जाईल. तिच्याबरोबर जुनं प्रतिज्ञापत्रही जाईल. मग आपल्या हातात काहीच नाही."

"आन् नाही सांगतलं तं?"

"तरी तेच."

"मले आंधी काहून नाही सांगतलं तुमी?"

"म्हणालो होतो ताई. तुम्ही तारीख मागायच्या."

तिला रडू आलं, वकिलांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. या वयाच्या माणसाला उचलून न्यायचं कुठे? भाड्याची खोली बघायला गेलं तर म्हातारा पाहूनच लोक नाही म्हणतात.

"बाई, जरा इकडे या," राठोडांनी बोलावलं. "यांची समज शाबूत आहे ना? मला तसं लिहावं लागतं."

पुंडलिकराव तिच्याकडे बघत होते. आज किती दिवसांनी चार शिकलेल्या माणसांनी त्यांना काही विचारलं होतं, आणि त्यांनी सरळ उत्तर दिलं होतं. तोंडावर तसं समाधान होतं. याच तोंडावर आता सांगायचं, की हा माणूस वेडा झाला.

"शाबूत हाय," बेबीताई म्हणाली. "माये मामाजी खोटं बोलत नाही. ल्याहा तुमी."

गोपाल वकिलांनी कपाळाला हात लावला. निकिता मॅडम बॅगेत उगाच काहीतरी शोधत राहिल्या. राठोडांनी सगळी साक्ष वाचून दाखवली. प्रत्येक वाक्याला म्हातारा "बराबर" म्हणत गेला. मग त्यांनी शाईचा पॅड पुढे केला.

"अंगठा कायले?" पुंडलिकरावांनी पॅड बाजूला सारला. "मले सही येते."

पेन हातात दिला तर तो कागदावर नीट टेकेना. गोपाल वकिलांनी मनगट धरायला हात पुढे केला. बेबीताईने तो अडवला. "त्यायचं त्यायले करू द्या," ती म्हणाली आणि सासऱ्यापाशी खाटेवर बसली.

म्हातारा एकेक अक्षर काढत होता, आणि कागद सरकू नये म्हणून तिने तो दोन्ही हातांनी दाबून धरला.